क्रमांक जुळला, लोखंडाचं काय?

प्रति,
अमेरिकेतल्या लिलावगृहांत बसून घोडदळाच्या जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांची वर्णनं लिहिणाऱ्या सर्वांना

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तेव्हा ते तुमच्यापर्यंत पोचेल अशी फारशी आशा नाही. इंग्रजीत तुमच्यापैकी एकांना मी दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा दोन ओळींचं तेच उत्तर आलं: माल जसा आहे तसा विकला, विक्री अंतिम. कायद्याने तुमचं त्यात काही चुकत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण तुमचे ते जाडजूड, गुळगुळीत कागदाचे कॅटलॉग रात्री उशाशी घेऊन वाचणाऱ्यांत इथे अमेरिकेत राहणारी माझ्यासारखी मराठी माणसंही आहेत. तुम्ही नाही वाचलं तर निदान त्यांनी वाचावं, म्हणून हे चारचौघांत.

मी टूलरूममधला माणूस. आयुष्य डाय, पंच आणि मायक्रोमीटरमध्ये गेलं. बंदुका चालवायचं मला वेड नाही. घरातल्या एकाही रिव्हॉल्व्हरमधून मी कधी गोळी झाडलेली नाही. वेड आहे ते कोल्टच्या हार्टफर्डमधल्या कारखान्यातल्या कामगारांनी दीडशे वर्षांपूर्वी लोखंडावर जे हात चालवून ठेवलेत त्याचं. त्यामुळे माझी तक्रार इतिहासकाराची नाही, कारागिराची आहे, असं समजा.

तुम्हाला जे पाठ आहे ते इतरांसाठी थोडक्यात सांगतो. कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हे मॉडेल अमेरिकन सैन्याने १८७३ साली पसंत केलं. पहिली मागणी ८,००० नगांची, नगाला १३ डॉलर. ४५ कॅलिबर, साडेसात इंची नळी, अक्रोडाच्या लाकडाची एकसंध मूठ. १८९१ पर्यंत सरकारने असे साधारण ३७,००० नग घेतले. प्रत्येक नग सरकारी तपासनिसाच्या हाताखालून जायचा. पसंत पडला की निरनिराळ्या भागांवर त्याच्या आडनावाचं चिमुकलं अक्षर उमटायचं आणि मुठीच्या लाकडावर आद्याक्षरांचा ठसा, ज्याला आपण सगळे कार्टूश म्हणतो. सुरुवातीला ऑरव्हिल एन्सवर्थ, १८७८ मध्ये हेन्री नेटलटन, १८८० च्या दशकात डेव्हिड क्लार्क, शेवटी १८९०-९१ मध्ये रिनाल्डो कार. मध्ये आणखीही होते. फ्रेमच्या डाव्या अंगाला 'यू.एस.', नळीवर आणि सिलिंडरवर चाचणीचा 'पी', आणि क्रमांक: फ्रेमवर, ट्रिगर गार्डवर, मुठीच्या बुडाशी बॅकस्ट्रॅपवर (म्हणजे मुठीमागच्या लोखंडी पट्टीवर), सिलिंडरवर आणि नळीवर. नळीवरचा क्रमांक इजेक्टर रॉडच्या, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीच्या, हाउसिंगखाली झाकलेला. हे झाकलेलं लक्षात ठेवा, सगळं रामायण तिथेच घडलंय.

पुढे १८९२ साली सैन्याने ३८ कॅलिबरचं नवं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि ही लांब नळीची जुनी पंचेचाळीस कोठारात जाऊन पडली. मग १८९५ ते १९०३ च्या दरम्यान त्यातली हजारो बाहेर काढून स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेत आणि कोल्टच्या कारखान्यात दुरुस्त केली गेली. नळी कापून साडेपाच इंच केली. कार यांचा ठसा अशा दुरुस्त नगांवरही पडला. संग्राहक या नगांना 'आर्टिलरी' म्हणतात. काम करणाऱ्यांना घाई होती, आणि क्रमांक जुळले पाहिजेत असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. फ्रेम या ढिगातली, सिलिंडर त्या ढिगातला, ट्रिगर गार्ड तिसऱ्याच ढिगातला. म्हणून आर्टिलरीत, मोजके अपवाद सोडले तर, क्रमांक न जुळणं हीच ओळख. आणि म्हणूनच नळी न कापलेलं, सगळे भाग मूळचे असलेलं घोडदळाचं रिव्हॉल्व्हर हाताच्या बोटावर मोजावं इतकं नसलं तरी फार थोडं उरलंय. दोघांच्या किमतीतली दरी एवढी मोठी की त्या दरीत एखाद्या चलाख कारागिराचा संसार चालतो.

तो चालतो, आणि त्याच्या मालाला तुमचा कॅटलॉग लागतो.

आता माझी गोष्ट. तुमच्यातल्या एकांच्या (नाव घेत नाही, त्यांनाच ओळखू येईल) कॅटलॉगात मजकूर होता: सर्व क्रमांक जुळतात, कारखान्याचं पत्र सोबत, मुठीवरचा ठसा झिजल्याने वाचता येत नाही, सुंदर अस्पर्श पॅटिना, म्हणजे वयाने लोखंडावर चढलेला रंग. क्रमांक १८७० च्या दशकातला. फोटो नऊ, नऊच्या नऊ समोरून भरपूर उजेड टाकून काढलेले, लग्नाच्या अल्बमसारखे. मी बोली लावली आणि ती माझ्या नावावर तुटली. आकडा सांगत नाही. घरीही अजून अर्धाच सांगितलाय.

खोकं आलं त्या रात्री मी नुसता बघत बसलो. हे सुख तुम्हालाही माहीत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर जाड फडकं पसरलं, स्क्रूच्या खाचेच्या मापात घासून घेतलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि इजेक्टर हाउसिंगचा स्क्रू फिरवला. तो लोण्यासारखा सुटला. शंभर वर्षं एका जागी बसलेला स्क्रू आधी थोडा नखरा करतो, मग 'टक' करून सुटतो. पहिली पाल तिथेच चुकचुकली.

हाउसिंग बाजूला केलं. खाली क्रमांक होता, आणि तो जुळत होता. पण बघा, या जागेला होल्स्टरचं चामडं घासत नाही. हाताचा घाम तिथे पोचत नाही. नळीवर मूळचं ब्लूइंग, म्हणजे कारखान्यात चढवलेला निळा थर, कुठे शिल्लक राहायचं असेल तर ते याच बोटभर पट्टीत. इथे बाहेरची नळी तपकिरी आणि हाउसिंगखालची पट्टीही तशीच तपकिरी. शंभराहून जास्त वर्षं उन्हापावसात राबलेलं लोखंड आणि झाकणाखाली निवांत पडून राहिलेलं लोखंड, दोघांचा रंग एकच! मी नळीच्या लांबीवर सरळधार पट्टी टेकवली आणि मागे दिवा धरला. क्रमांकाच्या जागी पट्टीखालून केसाएवढा उजेड आला. म्हणजे तेवढाच भाग कुणीतरी कानशीने उतरवला होता.

मग भिंग लावलं. बॅकस्ट्रॅपवरचे आकडे एका ओळीत, एका खोलीचे, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं असावीत तसे. नळीवरचा दुसरा आकडा डावीकडे खोल आणि उजवीकडे उथळ, म्हणजे पंच हातात किंचित कलला होता. चारच्या आकड्याची घडण दोन्हीकडे निराळी. आणि शेवटच्या आकड्याच्या पोटात, उजेड अगदी आडवा टाकला तेव्हाच, आधीच्या एका आकड्याची पुसट सावली. बोट जोरात घासून नाकाशी नेलं. बाटलीतल्या तयार रसायनाने लोखंड काळवंडवलं की मागे जो वास राहतो, तो अजून गेला नव्हता. सिलिंडरची कथा तीच, फक्त तिथे काम जास्त सफाईने केलेलं.

राहता राहिला मुठीवरचा 'न वाचता येणारा' ठसा. खोलीतले दिवे बंद केले, टॉर्च लाकडाला जवळजवळ चिकटवून धरला. दोन मिनिटांत तीन अक्षरं वाचता आली: आर, ए, सी. रिनाल्डो ए. कार. १८७० च्या दशकातल्या फ्रेमवर १८९० नंतरच्या तपासनिसाचा ठसा! याचा सगळ्यात सरळ अर्थ असा की हे पोर आर्टिलरीच्या घरातलं. नळी कापून, सुटे भाग बदलून सैन्याने ते पुन्हा वापरलं. मग आपल्या काळातल्या कुणीतरी त्याला लांब नळी बसवली, क्रमांक 'जुळवले' आणि ज्या एका ठशाने बिंग फुटलं असतं त्यावर पॉलिशपेपर फिरवला. पुरता नाही फिरवला, एवढंच माझं नशीब.

आता कारखान्याच्या पत्राकडे वळतो, कारण माझं खरं भांडण त्यावरून आहे. ते पत्र खोटं नाही. कोल्टच्या दप्तरातल्या जुन्या वह्या पाहून लिहून दिलेलं, चोख पत्र. त्यात म्हटलंय की या क्रमांकाचं, या कॅलिबरचं, एवढ्या लांबीच्या नळीचं रिव्हॉल्व्हर अमुक तारखेला अमेरिकन सरकारला गेलं. बस. ते पत्र क्रमांकाबद्दल बोलतं. पत्र लिहिणाऱ्याने माझं रिव्हॉल्व्हर कधी पाहिलेलंही नाही. म्हाताऱ्याच्या जन्मदाखल्यावरून दारात उभा असलेला माणूस तोच म्हातारा आहे हे ठरत नाही, तसंच हे. पण तुमच्या वर्णनात 'पत्र सोबत' हे चार ठिकाणी येतं, ठळक अक्षरांत येतं, आणि ते वाचणाऱ्याच्या डोक्यात 'खरेपणाचा दाखला सोबत' असंच वाजतं. तुम्हाला ते तसं वाजतंय हे कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

अभ्यासकांनी नग स्वतः हाताळून दिलेली पत्रं वेगळी. ती लोखंडाबद्दल बोलतात, आणि त्यांचा मला आदर आहे. पण तीही तुम्ही अर्धवट छापता. एका लॉटच्या वर्णनात अशा पत्रातलं एक कौतुकाचं वाक्य अवतरणात होतं. लिलावाआधी मी पूर्ण पत्राची प्रत मागवली. तीन पानांचं होतं. दुसऱ्या पानावर सरळ लिहिलं होतं की बॅकस्ट्रॅप मूळचा नाही. ते वाक्य कॅटलॉगात नव्हतं. याला आमच्याकडे मखलाशी म्हणतात.

पॅटिना या शब्दाचं तर तुम्ही लोणचं घातलंय. घासून-पुसून, आम्लात बुडवून, मग तपकिरी चढवलेलं लोखंडही पॅटिना आणि खरोखर सावकाश पिकलेलंही पॅटिना. बफ मारलेला नग ओळखायला तज्ज्ञ लागत नाही हो. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. फ्रेमच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. अक्षरांच्या कडेला पंचाने उसवलेलं लोखंड मूळ नगावर किंचित वर आलेलं असतं, बोटाला नाही पण भिंगाला जाणवतं. बफ ते सगळ्यात आधी खातो. मुठीचं लाकूड सँडपेपरने उतरवलं असेल तर लोखंडाच्या पट्टीपेक्षा ते खाली बसतं. आणि मला सगळ्यात आवडणारी जागा: फ्रेम आणि बॅकस्ट्रॅप यांचा सांधा. कारखान्यात हे भाग एकत्र बसवून, एकत्र घासून सारखे करत. फ्रेमचं केस हार्डनिंग, म्हणजे लोखंडाची वरची कातडी कडक करणं, त्याच्या नंतरचं. त्यामुळे मूळ जोडीच्या सांध्यावरून नख फिरवलं तर ते अडत नाही. दुसऱ्या नगाचा बॅकस्ट्रॅप आणून बसवला की कुठेतरी पायरी लागतेच, मग क्रमांक कितीही जुळोत. याच कारणाने 'यू.एस.' हा शिक्काही बोलका. तो फ्रेम कडक होण्याआधी मऊ लोखंडात मारलेला, म्हणून हार्डनिंगचे रंग टिकले असतील तर ते अक्षरांच्या तळापर्यंत उतरलेले दिसतात. नागरी बाजारात विकलेल्या एखाद्या कोल्टवर नंतर कुणी 'यू.एस.' ठोकला तर कडक कातडीवर तो नीट बसत नाही; कडा भुरभुरतात, आणि गंजाचे जुने खड्डे शिक्क्याखाली चेपलेले सापडतात.

तुमच्यातले कित्येक हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. माझी तक्रार अज्ञानाची नाहीच. (अपवाद आहेत. एन्सवर्थने तपासलेला म्हणून जाहीर केलेल्या एका नगाच्या फोटोत फ्रेमवर पेटंटच्या तीन तारखा स्वच्छ दिसत होत्या, तिसरी १९ जानेवारी १८७५ ची. एन्सवर्थच्या नगांवर १९ सप्टेंबर १८७१ आणि २ जुलै १८७२ या दोनच तारखा असायच्या. तिसरी त्याच्या मागाहून आली. ते वर्णन लिहिणाऱ्याने स्वतःच छापलेला फोटो तरी बघायचा होता.)

आता कस्टर, अमेरिकन घोडदळाचा सेनानी. हा विषय टाळता येत नाही, कारण तुम्ही तो टाळत नाही. पहिल्या काही हजार क्रमांकांतलं कुठलंही रिव्हॉल्व्हर आलं की वर्णनात 'कस्टरच्या काळातलं' हे शब्द येतात, जेवणात मीठ यावं तसे. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या काठी सातव्या घोडदळाच्या पाच कंपन्या कस्टरसकट कापल्या गेल्या. रेजिमेंटच्या बाराही कंपन्या धरल्या तरी त्या मोहिमेवर साधारण सहाशे माणसं होती, आणि सैनिकागणिक एक कोल्ट. पडलेल्यांची हत्यारं लकोटा आणि शायेन योद्धे घेऊन गेले. तोवर सैन्याकडे हजारो कोल्ट पोचली होती आणि ती देशभरच्या घोडदळाच्या रेजिमेंट्सना वाटली गेली होती. त्यातलं नेमकं कुठलं कुठल्या स्वाराच्या कमरेला होतं, याच्या नोंदी फार थोड्या नगांच्या सापडल्यात. राष्ट्रीय अभिलेखागारातली कागदपत्रं चाळून काही लोकांनी वर्षानुवर्षं घालवून त्या याद्या काढल्यात, त्यांना माझा दंडवत. पण त्या यादीत क्रमांक नसेल तर तो नाही. 'नोंद असलेल्या क्रमांकापासून अवघे अकरा अंक दूर' हे वाक्य छापताना तुम्हाला हसू कसं येत नाही? रिव्हॉल्व्हरं खोक्यांत क्रमवार भरत नसत. अकरा अंक दूरचं नग दुसऱ्याच किल्ल्यावर दुसऱ्याच रेजिमेंटकडे गेलेलं असू शकतं. माझ्या घरापासून अकरा घरं सोडून एक डॉक्टर राहतात. म्हणून मी कुणाचं ऑपरेशन करत नाही.

आणि या एका वाक्याने नुसती किंमत वाढत नाही. ज्या क्रमांकांच्या पट्ट्याला कस्टरचा वास लागतो, त्याच पट्ट्यात बनावट शिक्क्यांची रोपं जोरात उगवतात. स्मिथ अँड वेसनच्या स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरचं हेच झालं. सैन्याने मोडीत काढल्यावर त्यातली काही वेल्स फार्गो या मालवाहतूक कंपनीने घेतली, नळ्या आखूड केल्या, कंपनीची अक्षरं ठोकली. त्या अक्षरांना भाव आल्याबरोबर आखूड नळीच्या स्कोफील्डवर ती आपोआप उमटायला लागली.

कागदांची ताकद मी नाकारत नाही. शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ च्या रात्री ज्या कोल्टने बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला मारलं, ते २०२१ साली लॉस एंजेलिसच्या लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं. नग म्हणून ते साधंसुधं ४४ कॅलिबरचं, सैन्याचंही नाही. किंमत झाली ती कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी माणसामाणसांनी जपली म्हणून. तुम्ही घोडदळाच्या नगांबाबत मात्र साखळीच तोडता. 'एका जुन्या संग्रहातून' म्हणजे कुठून? माझं रिव्हॉल्व्हर माझ्या आधी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका लिलावात विकलं गेलं होतं, हे मी नंतर जुन्या कॅटलॉगांची थप्पी उपसून शोधलं. त्या वेळच्या वर्णनात 'आर्टिलरी, मिश्र क्रमांक' असा स्पष्ट शब्द होता! फ्रेमचा क्रमांक तोच. म्हणजे बदल या दोन विक्रींच्या मधल्या काळात झाला. हे शोधायला मला एक रविवार लागला. तुम्हाला संगणकावर दहा मिनिटं लागली असती.

आणि यावर दुसरा कुणी पहारेकरीही नाही. १९६८ च्या संघीय कायद्याने १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार 'अँटिक' धरलं जातं. त्या कायद्याच्या लेखी ते फायरआर्मच नाही. संग्राहक म्हणून मला ही सवलत आवडते. पण तिचा एक अर्थ असाही की या क्रमांकांकडे सरकारचं कुणी भिंग घेऊन बघत नाही. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उरता तुम्ही.

तुमची बाजूही मला समजते. एका लिलावाला तुमच्याकडे दोन-तीन हजार लॉट. वर्णन लिहिणारा पोरगा एका दिवसात शंभर नग हाताळतो. कधी सिव्हिल वॉरचं कार्बाइन, कधी जपानी तलवार. माल मालकाचा, त्यामुळे स्क्रू सोडवताना खाच बिघडली तर भुर्दंड तुम्हाला. शिवाय मालकाला 'तुमचं रिव्हॉल्व्हर गडबडीचं आहे' सांगितलं की तो माल उचलून शेजारच्या लिलावगृहात जातो. हे सगळं खरं. पण मग बारीक अक्षरात 'आतील भाग तपासलेले नाहीत' आणि ठळक अक्षरात 'सर्व क्रमांक जुळतात' ही दोन वाक्यं एकाच पानावर कशी नांदतात? हाउसिंग न काढता नळीचा क्रमांक तुम्हाला दिसला कसा? झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण तुमच्या धंद्यासाठी कुणी रचली नव्हती.

मला काय हवंय ते सांगतो, फार नाही. घोडदळाचं म्हणून विकायचं असेल तर तो एक स्क्रू सोडवा आणि नळीवरच्या क्रमांकाचा फोटो छापा, आजूबाजूच्या अर्ध्या इंच लोखंडासकट. सोडवायचा नसेल तर 'जुळतात' लिहू नका, 'दिसणारे क्रमांक जुळतात' लिहा. एक तरी फोटो आडव्या उजेडात काढा, विशेषतः मुठीच्या दोन्ही बाजूंचा. पत्र असेल तर पूर्ण पत्र दाखवा आणि ते क्रमांकाचं आहे की नग पाहून दिलेलं आहे हे पहिल्याच ओळीत लिहा. तो क्रमांक आधी कुठे विकला गेला हे माहीत असेल तर सांगा, आणि माहीत करून घ्या. कस्टरचं नाव काढायचं तर कागद दाखवून काढा. आणि आर्टिलरीला आर्टिलरी म्हणून ताठ मानेने विका. क्युबात आणि फिलिपिन्समध्ये सैनिकांनी वापरलेली, ढिगातल्या भागांतून घाईघाईने जोडलेली ती रिव्हॉल्व्हरं मला तरी कमअस्सल वाटत नाहीत. चार भागांवर चार क्रमांक म्हणजे चार निरनिराळ्या स्वारांच्या कमरेला लटकलेलं लोखंड एका फ्रेमवर गोळा झालेलं. ते 'दुरुस्त' करून जुळवणारा माणूस चार इतिहास पुसून एक खोटा लिहितो, आणि त्याचं बिल तुमच्या हातोड्याखाली चुकतं होतं.

ते रिव्हॉल्व्हर मी आता विकायला काढलंय. तुमच्यापैकी जे घेतील त्यांच्याकडे देईन, अट एकच: वर्णन मी लिहून दिलेलं छापायचं, एक शब्द न बदलता. ते असं:

"कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, ४५ कॅलिबर. फ्रेम आणि ट्रिगर गार्ड मूळचे, एकाच क्रमांकाचे, १८७० च्या दशकातले, सरकारी खरेदीतले. बॅकस्ट्रॅपचा सांधा नखाला अडतो, पण त्यावरचा क्रमांक जुन्या हातचा वाटतो. हे कोडं मला सुटलेलं नाही. नळी साडेसात इंची, नंतर बसवलेली. तिच्यावरचा क्रमांक जुना घासून पुन्हा मारलेला, फोटो सोबत. सिलिंडर तसाच. मुठीवर रिनाल्डो कार यांचा ठसा, घासलेला, आडव्या उजेडात वाचता येतो. आधीच्या विक्रीत हेच नग आर्टिलरी म्हणून, आखूड नळीसह नोंदलेलं आहे. कारखान्याचं पत्र फक्त फ्रेमच्या क्रमांकाला लागू. ब्लूइंग नवं, पॅटिना बाटलीतली. इजेक्टर हाउसिंगचा स्क्रू सैल ठेवला आहे, घेणाऱ्याने स्वतः काढून बघावा."

कळावे,
तुमचा एक जुना बोलीदार